आवड नंतर, हिशोब आधी: अ‍ॅफिलिएट मार्केटिंगसाठी विषय निवडण्याची पद्धत

अ‍ॅफिलिएट मार्केटिंग म्हणजे दुसऱ्याच्या वस्तूची लिंक द्यायची आणि त्या लिंकवरून विक्री झाली की कमिशन घ्यायचं. साइट तयार आहे, तीस-चाळीस लेख झालेत, वाचकही येतात. कमिशनचा रकाना मात्र रिकामा. अशा वेळी हा विषय का घेतला असं विचारलं, तर उत्तर ठरलेलं असतं: मला त्याची आवड आहे म्हणून. दुसरा गट याच्या नेमका उलटा. कुठे तरी ७५ टक्के कमिशन दिसलं आणि दुसऱ्या दिवशी लिंका लावून मोकळे. वरवर पाहता दोघं दोन टोकांना आहेत, पण चूक एकच. पहिल्याने हिशोब केलाच नाही आणि दुसऱ्याने कमिशनच्या दरालाच नफा समजून टाकलं.

इथे निवड नफ्यावरच करायची आहे. फक्त नफा म्हणजे परत गेलेल्या ऑर्डरी वजा करून प्रत्यक्ष खात्यात पडलेली रक्कम, भागिले ती मिळवायला घातलेले तास. दर कितीही मोठा असो, हा भागाकार छोटा आला तर विषय बाद. खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. बहुतेकांचं बिनसतं ते क्रमामुळे: डोमेन (साइटचा पत्ता) आणि लोगो आधी, हिशोब सगळ्यात शेवटी. एकदा डोमेन घेतलं की माणूस आकडे पाहत नाही, आकड्यांची समजूत घालत बसतो.

## तयारी: शीटवर चार ओळी

कोरी शीट उघडा आणि सर्वांत वर हे लिहा.

१. आठवड्याला किती तास देता येतील. गेल्या महिन्यात जेवढे तास खरोखर मोकळे मिळाले तेवढेच लिहायचे. पुढच्या महिन्यात मिळतील अशी आशा असलेले नाहीत.

२. पहिली रक्कम हातात यायला किती महिने थांबता येईल.

३. चाचणीवर जास्तीत जास्त किती खर्च करायचा.

४. कोणत्या गोष्टी कधीच विकणार नाही. जुगार, चमत्कारी औषधं, रातोरात श्रीमंत करणारे कोर्स, जे तुम्हाला पटत नसेल ते.

चौथी ओळ आत्ताच का? नफ्याच्या मागे जायचं ठरवलं की कुंपण आधी घालावं लागतं. मोठा आकडा समोर दिसल्यावर ते घालायला गेलात तर दर वेळी थोडं मागे सरकवलं जातं.

## टप्पा १: दहा-पंधरा विषयांची यादी

तीन विषयांत निवड होत नाही, फक्त आवडता विषय जिंकतो. यादी लांब हवी. कामाच्या ठिकाणी पैसे मोजून काय काय वापरलं जातं ते आठवा. अ‍ॅफिलिएट नेटवर्कवरचे (अनेक विक्रेत्यांचे कमिशन कार्यक्रम एकत्र मांडणाऱ्या साइटवरचे) विभाग एकेक करून उघडा. सर्च केल्यावर कोणत्या शब्दांवर वरच्या बाजूला जाहिराती दिसतात ते टिपून ठेवा. जाहिरातदार महिनोन्‌महिने पैसे घालतोय म्हणजे तिथून त्याला काही तरी परत मिळत असावं.

विषय नेमका लिहा. 'फिटनेस' हा विषय नव्हे, तो एक अख्खा बाजार आहे. 'घरी वापरायची रोइंग मशीन' हा विषय.

आवडते विषयही यादीत घ्या, त्यांना बंदी नाही. शेवटी 'आवड' असा एक रकाना करा, प्रत्येक विषयाला १ ते ५ गुण द्या आणि तो रकाना लपवून टाका. सातव्या टप्प्यापर्यंत तो उघडायचा नाही.

तपासणी: यादीत निदान चार विषय असे हवेत, ज्यांच्याबद्दल तुम्हाला काहीच वाटत नाही. नसतील तर यादी अजून आवडीच्याच अंगणात फिरते आहे.

## टप्पा २: वाचक नव्हे, खरेदीदार मोजा

आवडीच्या विषयांचा सापळा असा की तिथे वाचक भरपूर मिळतात. बुद्धिबळाची एखादी सुरुवात कशी खेळावी हे शोधणारे पुष्कळ असतात. त्यांना चाल हवी असते, पट नको असतो. पट घरी आहेच.

प्रत्येक विषयासाठी लोक काय शोधतात याची छाटणी करा. 'म्हणजे काय', 'कसं करावं', 'इतिहास' असे शोध एका बाजूला. 'कोणतं घ्यावं', 'किंमत', 'दोन्हींतलं चांगलं कोणतं', 'अमुकला पर्याय', 'वॉरंटी' असे दुसऱ्या बाजूला. पैसे दुसऱ्या बाजूला आहेत. पहिल्या बाजूच्या लेखांचा उपयोग होतो, पण निर्णय त्यांच्या आकड्यांवर घ्यायचा नाही.

गुगल कीवर्ड प्लॅनर या जाहिरातदारांसाठीच्या साधनात सर्चच्या पानावरच्या वरच्या जागेसाठी जाहिरातदार किती बोली लावतात याचा पट्टा दिसतो. तो नोंदवा. आणि इथेच एक चूक सर्रास होते: त्या साधनातला 'स्पर्धा' हा रकाना जाहिरातदारांमधली स्पर्धा सांगतो. 'कमी' लिहिलेलं दिसलं म्हणजे तुमचा लेख सहज वर येईल असं नाही. उलट तिथे विकत घेणारंच कोणी नसेल, अशीही शक्यता आहे.

गुगल ट्रेंड्स, म्हणजे एखादा शब्द काळानुसार किती शोधला गेला याचा आलेख, पाहताना लक्षात ठेवा की तिथला ० ते १०० हा आकडा शोधांची संख्या नाही. निवडलेल्या काळातली सर्वांत जास्त लोकप्रियता १०० धरून बाकी सगळं तिच्या प्रमाणात दाखवलेलं असतं. म्हणून एक वर्ष पाहू नका, पाच वर्षं पाहा. दर वर्षी ठरावीक दोन महिन्यांत उंच टेकडी आणि बाकी सपाट असेल तर वर्षभराची कमाई तेवढ्यातच होणार, हे हिशोबात धरावं लागेल.

तपासणी: खरेदीच्या बाजूचे वीस वेगवेगळे शोध सापडत नसतील तर विषय खोडा. साधारण निम्मी यादी इथेच संपते आणि ते चांगलंच आहे.

## टप्पा ३: कार्यक्रमाच्या अटी, शेवटच्या ओळीपर्यंत

हा सगळ्यात कंटाळवाणा टप्पा आहे आणि बहुतेक जण तोच वगळतात. प्रत्येक उरलेल्या विषयासाठी दोन-तीन अ‍ॅफिलिएट कार्यक्रम (विक्रेत्याच्या कमिशन देण्याच्या योजना) निवडा आणि पुढच्या गोष्टी शीटवर उतरवा.

कमिशन कशावर: विक्रीवर, नुसत्या नावनोंदणीवर, की ग्राहक टिकेल तोवर दरमहा? फक्त नव्या ग्राहकावर की कोणावरही? हा 'फक्त नव्या' शब्द बारीक अक्षरात असतो आणि प्रस्थापित ब्रँडच्या बाबतीत निम्मा हिशोब बदलून टाकतो.

कुकी (ग्राहक तुमच्या लिंकवरून आला याची ब्राउझरमधली नोंद) किती काळ: अमेझॉन असोसिएट्स या अमेझॉनच्या कमिशन कार्यक्रमात क्लिकनंतर २४ तास मिळतात; त्या वेळात वस्तू कार्टमध्ये टाकली तर त्या वस्तूपुरती मुदत ९० दिवसांपर्यंत वाढते. इतरत्र ३० दिवस, ६० दिवस असं लिहिलेलं आढळेल. पण कागदावरची मुदत आणि ब्राउझरमधली मुदत वेगळी असू शकते. सफारी ब्राउझर २०१९ पासून जावास्क्रिप्टने ठेवलेल्या कुकी सात दिवसांत पुसून टाकतो. त्यामुळे महागड्या, महिनाभर विचार करून घेतल्या जाणाऱ्या वस्तूंसाठी कार्यक्रमात सर्व्हर-बाजूचं ट्रॅकिंग (ब्राउझरऐवजी सर्व्हरवर ठेवली जाणारी नोंद) आहे का ते विचारा.

श्रेय कोणाला: बहुतेक ठिकाणी शेवटच्या क्लिकला. म्हणजे तुमचा लांबलचक तुलनात्मक लेख वाचून ग्राहक पैसे भरायला गेला, तिथे कूपन शोधलं, तर कमिशन कूपनवाल्याचं. ज्या क्षेत्रात कूपनची सवय आहे तिथे क्लिक करणाऱ्यांतले किती टक्के घेतील हा तुमचा अंदाज खाली ओढा.

पैसे कधी: ऑर्डर नोंदल्यावर लगेच नाही. परताव्याची मुदत संपेपर्यंत रक्कम अडकलेली असते, त्यावर किमान रकमेची अट असते. नव्या खात्याला वेगळ्या अटीही असतात. अमेझॉन असोसिएट्समध्ये १८० दिवसांत तीन पात्र विक्री झाल्या नाहीत तर खातं बंद होतं.

दर बदलतो का: बदलतो आणि विचारून बदलत नाही. एप्रिल २०२० मध्ये अमेझॉनने अमेरिकेतल्या दरपत्रकात फर्निचर आणि घरदुरुस्तीच्या वस्तूंचा दर ८ वरून ३ टक्क्यांवर आणला, किराण्याचा ५ वरून १ वर. वाचक तेवढेच, लेख तेच, कमाई एकदम खाली. एखाद्या विषयात एकच विक्रेता कमिशन देत असेल तर तो विषय कितीही गोड दिसो, शीटवर त्याच्यासमोर लाल खूण करा.

थांबा: नेटवर्कवर दिसणारे आकडे वाचताना एकक तपासा. सीजे या नेटवर्कवर ईपीसी, म्हणजे क्लिकमागची कमाई, दर १०० क्लिकसाठी दाखवतात. ती एका क्लिकची समजणारे आनंदात असतात, काही आठवडे. क्लिकबँक या नेटवर्कवरची 'ग्रॅव्हिटी' तर पैशांचा आकडाच नाही. गेल्या बारा आठवड्यांत किती वेगवेगळ्या अ‍ॅफिलिएटना कमिशन मिळालं याचं ते भारांकित माप आहे. जास्त ग्रॅव्हिटी म्हणजे विक्री होते हे खरं, आणि गर्दी आहे हेही खरं.

## टप्पा ४: दर हजार वाचकांमागे किती उरतं

आता गणित. दर १,००० वाचकांतून किती क्लिक, त्यांतून किती खरेदी, एका खरेदीमागे किती कमिशन आणि त्यातून परत गेलेल्यांचं प्रमाण वजा. पुढचे तीनही विषय आणि त्यांतले आकडे उदाहरणापुरते आहेत. तुमचे तुम्ही भरायचे. पैशाला नुसतं 'एकक' म्हणू.

अ. बुद्धिबळाचे पट आणि पुस्तकं. २०० क्लिक, त्यांतले ४ टक्के घेतात म्हणजे ८ ऑर्डरी. सरासरी ऑर्डर ३० एकक, कमिशन ४ टक्के. एकूण ९.६; दहा टक्के परतावे वजा केले की ८.६४.

ब. छोट्या व्यवसायांसाठी हिशोबाचं सॉफ्टवेअर. ८० क्लिक, २ टक्के, म्हणजे १.६ ग्राहक. महिन्याची वर्गणी २० एकक, त्यावर २० टक्के, म्हणजे दरमहा ४. ग्राहक सरासरी १० महिने टिकतो असं धरलं तर ग्राहकामागे ४०. एकूण ६४, दहा टक्के वजा, उरले ५७.६.

क. वेब होस्टिंग (साइट इंटरनेटवर ठेवायची भाड्याची जागा). १०० क्लिक, २ ग्राहक, प्रत्येकी ६० एकक एकरकमी. १२०, तीस टक्के ऑर्डरी रद्द होतात असं धरलं तर ८४.

इथवर 'क' जिंकला. ७५ टक्केवाले नेमके इथेच थांबतात. तुम्ही थांबू नका.

'ब'कडे जरा नीट पाहा. ५७.६ हा आकडा दहा महिन्यांत पसरलेला आहे. पहिल्या महिन्यात त्या १,००० वाचकांतून मिळणार ५.७६, म्हणजे बुद्धिबळापेक्षाही कमी. दरमहा कमिशनचे विषय सुरुवातीला हमखास निकामी वाटतात आणि अनेक जण तेवढ्यात ते सोडतात. तयारीतल्या दुसऱ्या ओळीचं उत्तर 'तीन महिने' असेल तर 'ब' तुमच्यासाठी नाही, गणित काहीही म्हणो.

## टप्पा ५: स्पर्धा आणि तास

महिन्याला १,००० खरेदीदार वाचक मिळवायला किती तास काम करावं लागेल? हा आकडा कुठल्याही साधनात मिळत नाही, हाताने काढावा लागतो. प्रत्येक विषयाचे दहा खरेदी-शोध घ्या आणि पहिलं पान वाचा, नुसतं पाहू नका. तिथे सगळी मोठी प्रकाशनं आणि उत्पादक आहेत का? की तीन वर्षं जुने लेख आहेत, ज्यांतली अर्धी उत्पादनं बंद झालीत? शोधाच्या वरच मशीनने तयार केलेलं उत्तर येतं का आणि ते वाचून माणसाची गरज भागते का? भागत असेल तर क्लिक तुमच्यापर्यंत पोहोचणारच नाही.

वस्तू स्वतः हाताळण्याचा खर्चही याच टप्प्यात धरा. एप्रिल २०२१ पासून गुगलने परीक्षण-लेखांसाठी जे निकष पुढे आणले, त्यांत प्रत्यक्ष वापराचे पुरावे, मोजमापं, स्वतःचे फोटो यांना वजन आहे. विषय नफ्यासाठी निवडला म्हणून वस्तू न पाहता लिहिता येईल, हा गैरसमज.

समजा अंदाज असा निघाला: 'अ'ला १२ तास, 'ब'ला ४०, 'क'ला १२०. भागा.

अ: ०.७२. ब: १.४४. क: ०.७०.

होस्टिंगचा डोंगर चढून शेवटी बुद्धिबळाएवढंच हाती आलं, किंचित कमीच. सॉफ्टवेअर दोघांच्या दुप्पट.

पण एवढ्यावर सह्या करायच्या नाहीत. प्रत्येक विषयातला सगळ्यात डळमळीत आकडा शोधा आणि तो वाईट धरून पुन्हा गणित करा. 'ब'मध्ये तो आहे ग्राहक टिकण्याचा काळ. दहाऐवजी चारच महिने टिकला तर ग्राहकामागे १६, एकूण २५.६, वजा जाता २३.०४, आणि तासाला ०.५८. म्हणजे पहिला क्रमांक थेट शेवटी. मग त्या कार्यक्रमाच्या अ‍ॅफिलिएट मॅनेजरला विचारायचा प्रश्न एकच: ग्राहक सरासरी किती महिने टिकतात? उत्तर टाळलं तर ते उत्तरच समजा.

तपासणी: वाईट आकड्यानेही पहिल्या तिघांत राहणारे विषय पुढे न्या. दोन पुरेत, तीन फार झाले.

## टप्पा ६: लहान चाचणी

दोन विषय उरले की प्रत्येकी चार-पाच पानं लिहा. सगळी खरेदीच्या बाजूची: एक तुलना, एक 'पर्याय', एक तपशीलवार परीक्षण. वेगळं डोमेन लागत नाही. आधीपासून असलेली साइट, चॅनेल, वृत्तपत्रिका (ईमेलवरचं न्यूजलेटर), काहीही चालेल. जाहिरात देऊन वाचक आणणार असाल तर ब्रँडच्या नावावर बोली लावायला बहुतेक कार्यक्रमांत मनाई असते, ते आधी पाहा. वृत्तपत्रिकेतून थेट लिंक पाठवणंही सगळीकडे चालत नाही. 

प्रत्येक लिंकला वेगळी सब-आयडी (लिंकला जोडायची ओळखखूण) लावा. ती नसेल तर विक्री कोणत्या पानावरून, कोणत्या बटणावरून झाली हे कधीच कळणार नाही.

लिंक कमिशनची आहे हे शिफारशीच्या जवळच, साध्या भाषेत सांगा. तळटिपेत लपवलेला खुलासा अमेरिकेच्या एफटीसी या ग्राहक-संरक्षण संस्थेच्या मार्गदर्शक तत्त्वांत पुरेसा धरला जात नाही. लिंकच्या कोडमध्ये गुगलने २०१९ मध्ये आणलेलं 'स्पॉन्सर्ड' ही खूण (rel="sponsored") घाला.

आता थांबायचं कधी? पन्नास क्लिकवर विक्री नाही म्हणून विषय सोडणारे आणि वीस क्लिकवर दोन विक्री झाल्या म्हणून नोकरी सोडणारे, दोघंही सारखेच घाईत असतात. संख्याशास्त्रात यासाठी एक सोपा नियम आहे: काही क्लिकनंतर विक्री शून्य असेल तर ३ भागिले क्लिकची संख्या ही क्लिकमागच्या विक्रीच्या खऱ्या दराची वरची मर्यादा, ९५ टक्के खात्रीने. १०० क्लिक आणि शून्य विक्री असेल तर खरा दर ३ टक्क्यांपर्यंतही असू शकतो, म्हणजे अजून काहीच सिद्ध झालं नाही. हिशोबात २ टक्के धरले असतील तर १५० क्लिक शून्यावर गेल्यावरच तो आकडा खोडा. १ टक्का धरला असेल तर ३०० लागतील.

थांबा: चाचणीत एक मोह हमखास होतो. चांगलं उत्पादन ५ टक्के देतं, सुमार उत्पादन २५ टक्के, मग सुमारालाच 'आमची निवड' म्हणायचं. नफा हा विषय निवडण्याचा निकष आहे, वाचकाला काय घ्यावं हे सांगण्याचा नाही. सुमार वस्तू परत येते, कमिशन उलटं वजा होतं, आणि चौथ्या टप्प्यातल्या परताव्याच्या रकान्यात तुम्ही धरलेले दहा टक्के तीस होतात. वाचक दुसऱ्यांदा येत नाही, तो तोटा तर शीटवर दिसतही नाही.

## टप्पा ७: आता आवडीचा रकाना उघडा

चाचणीचे खरे आकडे घालून तासामागची कमाई पुन्हा काढा. दोन्ही विषयांत पाव किंवा त्याहून कमी फरक असेल, तर आवड ज्याला जास्त गुण देते तो घ्या. एवढा अंदाज तर चुकतोच, मग त्यातल्या त्यात जे लिहायला बरं वाटतं ते का नको? फरक त्याहून मोठा असेल तर आवडीला मत नाही.

'पण मला त्या विषयातलं खूप कळतं' हा आक्षेप इथे येतो. ज्ञान आणि आवड वेगवेगळ्या गोष्टी आहेत. ज्ञानाने तास वाचतात आणि ते तास पाचव्या टप्प्यात मोजून झालेत. त्याच गोष्टीचे गुण दुसऱ्यांदा द्यायचे नाहीत.

नावड मात्र मोजा. निवडलेल्या विषयातल्या तीन उत्पादनांच्या माहितीपुस्तिका पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचा. वाचणं सहन झालं नाही तर विषय बदला, कारण पुढची दोन वर्षं हेच वाचायचं आहे. प्रेम नसलं तरी भागतं. किळस असेल तर तास दुप्पट लागतात आणि ते गणित कुणी केलेलं नसतं.

## टप्पा ८: डोमेन आणि पहिले नव्वद दिवस

आता डोमेन घ्या. नावात कोणत्याही ब्रँडचं नाव नको; बहुतेक कार्यक्रमांत ते अटींचं उल्लंघन ठरतं. एका उत्पादनापुरतं आखूड नावही नको, उद्या ते उत्पादन बंद झालं तर नावासकट अडकाल.

लिहिण्याचा क्रम: आधी खरेदीच्या बाजूचे सगळे लेख, मग त्यांना आधार देणारे माहितीचे. उलटं केलंत की पुन्हा वाचक भरपूर आणि कमिशन शून्य.

दर महिन्याला शीटवर चार आकडे: घातलेले तास, क्लिक, नोंदलेलं कमिशन, मंजूर झालेलं कमिशन. शेवटचे दोन वेगवेगळ्या रकान्यांत ठेवा. नोंदलेल्या रकमेवर खर्चाचे बेत करणाऱ्यांना मंजुरीच्या दिवशी धक्का बसतो.

नव्वद दिवसांनी मंजूर कमिशनची अपेक्षा ठेवू नका, पण क्लिक तुमच्या अंदाजाच्या निम्म्यावर तरी हवेत. नसतील तर पाचव्या टप्प्यातला तासांचा आकडा चुकला आहे. तो दुरुस्त करून दोन्ही विषयांचा भागाकार पुन्हा करा. आणि मंजूर कमिशनचा निम्म्याहून जास्त हिस्सा एकाच विक्रेत्याकडून येऊ लागला की नवा लेख बाजूला ठेवून आधी दुसऱ्या कार्यक्रमाला अर्ज करा.